११ संकल्प, नऊ दिवस आणि संध्याकाळचे साडेसहा

"ताई, मी ३६ वर्षांची आहे. वाढदिवसाला ठरवलं की आता पुरे, आता स्वतःला बदलायचंच. ११ गोष्टी लिहून फ्रिजवर लावल्या. साखर बंद, पाकिटातलं बंद, फक्त नॅचरल खायचं, पहाटे पाचला उठायचं, रोज व्यायाम, रात्री नऊनंतर मोबाईल नाही, महिन्याला दोन पुस्तकं, चिडायचं नाही, असं बरंच. नऊ दिवस सगळं पाळलं. दुपारी फक्त एक वाटी सॅलड आणि ग्रीन टी. दहाव्या दिवशी ऑफिसमध्ये केक आला, एक तुकडा खाल्ला आणि घरी येऊन साडेसहाला उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला, मग चिप्स. त्यानंतर सगळंच सुटलं, व्यायामसुद्धा. कपाटात नॅचरल लिहिलेली पावडर, ग्रॅनोला, ज्यूस तसंच पडलंय. नवरा म्हणतो हे तुझं दरवेळचं आहे. आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, आई तू परत डाएट करणार का, कारण तेव्हा तू खूप चिडतेस. माझ्यात विल पॉवरच नाही का? की सोमवारपासून सगळं पहिल्यापासून सुरू करू?"

अगं, ताई म्हणालीस म्हणून मी सरळ तूच म्हणतेय.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा नजर जिथे अडकली तो केक नव्हता आणि बिस्किटांचा पुडाही नव्हता. तू जाता जाता लिहून टाकलेलं एक वाक्य होतं. दुपारी फक्त एक वाटी सॅलड आणि ग्रीन टी. तू पहाटे पाचला उठत होतीस, व्यायाम करत होतीस, मग ऑफिस, आणि जेवणाच्या जागी एक वाटी कच्च्या भाज्या. काकडीत साधारण ९५ टक्के पाणी असतं गं, टोमॅटोचंही तसंच. नाश्त्याचा पत्रात उल्लेखच नाही, म्हणजे तोही नावापुरताच असावा असं मी धरून चालते. म्हणजे संध्याकाळी साडेसहाला तू दार उघडून आत येतेस तेव्हा साडेतेरा तास झालेले असतात आणि पोटात धड काहीच गेलेलं नसतं. हे तू नऊ दिवस केलंस. विल पॉवर नाही का विचारतेस, ती भरपूर आहे, फक्त ती सगळीच्या सगळी तू भूक दाबण्यात घालवलीस आणि दहाव्या दिवशी भूक जिंकली, ती जिंकणारच होती.

मला हे वाक्य लगेच दिसलं कारण माझी स्वतःची दोन वर्षं अशीच गेलीत. दिवसभर कमी खायचं, त्याचा अभिमान वाटायचा आणि रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता खायचं. तेव्हा मला कोणीतरी फक्त एवढंच विचारायला हवं होतं की तू दुपारी काय जेवलीस.

आता केकबद्दल. एका तुकड्याने काहीच बिघडलं नव्हतं, पण त्यानंतर डोक्यात जे झालं ते मात्र नीट बघण्यासारखं आहे, कारण ते फक्त तुझ्या एकटीच्या डोक्यात होत नाही. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला होता. काही मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगायच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्या खाण्यावर बंधनं घालून घेत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच, पोट भरलेलं होतं. ज्या डाएट करणाऱ्या होत्या त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. म्हणजे आज नियम मोडलाच आहे ना, मग आता काय, होऊ दे. पुढे हर्मन आणि जॅनेट पॉलिव्ही यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. तुझा बिस्किटांचा पुडा म्हणजे तेच आइस्क्रीम आहे. आणि तुझ्याकडे तर एक नियम मोडल्यावर बाकीचे दहाही कोसळले, कारण तू सगळे एकाच कागदावर एकाच दोरीत ओवले होतेस, केकचा आणि पहाटे पाचला उठण्याचा तसा काय संबंध होता सांग बरं?

म्हणून सोमवारपासून सगळं पहिल्यापासून, हे करू नकोस. मला माहितीये की सोमवार, एक तारीख, वाढदिवस अशा दिवशी नवीन सुरुवात करायची उमेद येते, ती खरी असते आणि तिचा उपयोगही होतो. पण त्या उमेदीच्या भरात आपण एकदम सगळं आयुष्य गहाण ठेवतो तिथे गडबड होते. पुढचे दोन महिने तू एकच गोष्ट सांभाळ, ती म्हणजे तुझी दुपार. दुपारी पूर्ण जेवण, पोट भरेल असं, ज्यात धान्य आहे, कडधान्य किंवा अंडं किंवा दही असं काहीतरी प्रोटीनचं आहे, शिजवलेली भाजी आहे, आणि सॅलड हवं तर त्याच्या जोडीला. आणि ऑफिसातून निघायच्या आधी एक फळ आणि मूठभर शेंगदाणे किंवा बदाम. बास. साखर, मोबाईल, पुस्तकं, पहाट, हे सगळं सध्या जसं असेल तसं असू दे.

हे वाचून तुला वाटेल एवढंच? मी स्वतःला बदलायचं म्हणतेय आणि ताई मला डबा भर सांगतायत. हो, डबाच सांगतेय. कारण साडेसहाला जी बाई घरात शिरते ती जर भुकेने कावलेली नसेल ना तर तुझ्या त्या ११ मधल्या तीन-चार गोष्टी आपोआप हलक्या होतात, चिडचिड त्यातली पहिली.

हा संकल्प कसा लिहायचा तेही सांगते, कारण लिहिण्याने फरक पडतो. "मी नॅचरल खाणार" हे वाक्य दिसायला छान आहे पण मंगळवारी दुपारी दीड वाजता नेमकं काय करायचं ते त्यात कुठेच नाही. पीटर गॉलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकापासून हेच अभ्यासलंय, की ठरवलेली गोष्ट "असं झालं तर मी असं करेन" अशा शब्दांत बांधली की ती पार पडण्याची शक्यता वाढते. २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शिरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र करून बघितल्या आणि परिणाम चांगला ठळक दिसला. तर तू लिही, रात्रीची भांडी आवरून झाली की मी उद्याचा डबा अर्धा भरून ठेवेन. घड्याळात साडेपाच झाले की मी ड्रॉवरमधले दाणे आणि फळ काढेन. आणि तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते आपण कधीच लिहीत नाही, ऑफिसात केक आला तर मी एक तुकडा खाली बसून, चवीने खाईन आणि रात्रीचं जेवण नेहमीसारखं जेवेन. घसरल्यावर काय करायचं ते आधीच ठरलेलं असलं की घसरणं हा अपघात राहत नाही, तो त्या योजनेचाच एक भाग होतो आणि मग पुढचे दहा डोमिनो पडायचं कारण उरत नाही.

दोन महिने का म्हणतेय? २१ दिवसांत सवय लागते असं तू ऐकलं असशील, सगळेच सांगतात. तो आकडा बहुतेक मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनपासून पसरला, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. चेहरा बघायची सवय आणि रोज डबा भरायची सवय, काय ताळमेळ आहे? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक नवीन गोष्ट करायला लावली, जेवणासोबत फळ खाणं वगैरे, तेव्हा ती गोष्ट आपसूक व्हायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाच्या बाबतीत हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि यातलं मला सगळ्यात जास्त आवडलेलं सांगते, मध्ये एखादा दिवस चुकला तरी त्यांच्या सवयीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. एक दिवस चुकला म्हणजे मीटर शून्यावर येत नाही. तू नवव्या दिवशी होतीस बाई, तुझं तर आत्ता कुठे सुरू झालं होतं.

आता ते कपाट.

तुझं नॅचरल खायचं म्हणणं मनापासून पटतंय मला आणि ते सोडू नकोस, पण तो शब्द तू पाकिटावर शोधलास तिथे फसलीस. पाकिटावरचा नॅचरल हा शब्द बहुतेक वेळा विकण्यासाठी छापलेला असतो. पुडा उलटा कर आणि मागची बारीक अक्षरांतली यादी वाच, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे पहिले तीन-चार वाचले तरी तुझ्या हातात मुख्यतः काय आहे ते कळतं. ग्रॅनोलामध्ये दुसऱ्या-तिसऱ्या जागी साखर, मध किंवा कसलंतरी सिरप असेल तर ते नाश्त्याच्या नावाखाली गोड खाऊ आहे. मध नैसर्गिक आहे हो, पण जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांचा ज्यूस यांतली साखरही आपण वरून घालतो त्या साखरेच्याच खात्यात धरते, आणि ती सगळी मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ते साधारण ५० ग्रॅम होतात आणि २५ ग्रॅमपर्यंत आणलं तर आणखी चांगलं. साखर बंद करून तू ज्यूस पीत होतीस ना, तिथे दारातून काढलेली खिडकीतून आत आली.

ज्यूसचं अजून एक. १९७७ मध्ये काही ब्रिटिश संशोधकांनी लोकांना सफरचंद तीन रूपांत दिलं, अख्खं, गर करून आणि ज्यूस. ज्यूस अख्ख्या सफरचंदापेक्षा ११ पट वेगाने संपला आणि पोट भरल्यासारखं मात्र सगळ्यात कमी वाटलं. फळ तेच, फक्त चावणं आणि चोथा गेला. म्हणून निघताना खायला मी फळ म्हटलं, ज्यूस म्हटला नाही.

मग नैसर्गिक म्हणजे काय धरायचं? मला ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाच्या कार्लोस मोन्तेइरो यांची खाण्याची चार गटांतली वाटणी फार उपयोगी वाटते, त्यांनी २००९ मध्ये मांडली, तिला नोव्हा म्हणतात. त्यात बघायचं ते एवढंच की खाण्यावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झालीये. एका टोकाला धान्य, डाळी, भाज्या, फळं, अंडी, दूध, साधं दही, म्हणजे जे झाडावरून किंवा प्राण्याकडून आलं तसं किंवा फक्त वाळवलेलं, दळलेलं, गोठवलेलं. मग तेल, मीठ, साखर अशा स्वयंपाकाला लागणाऱ्या गोष्टी. मग चीज, साधा ब्रेड, मिठातल्या भाज्या, म्हणजे पहिल्यात दुसरं घालून केलेलं. आणि दुसऱ्या टोकाला अशा वस्तू ज्या घरच्या स्वयंपाकघरात करताच येत नाहीत, कारण त्यातले फ्लेवर, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ), रंग, वेगळं काढलेलं प्रोटीन हे कुठल्याच घरात नसतं. तुझी ती पावडर बहुतेक याच टोकाला बसेल, पुढे पानाचं चित्र असलं तरी. आणि गोठवलेले साधे मटार, जे तू पाकिटातलं म्हणून बंद केले असतील, ते पहिल्या टोकाला बसतात. ते आण परत घरात. थकलेल्या संध्याकाळी निवडायची न लागणारी भाजी म्हणजे मोठाच आधार असतो.

या शेवटच्या, चौथ्या गटाचा त्रास काय होतो ते २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकांनी बघितलं. २० जणांना चार आठवडे एका ठिकाणी ठेवलं, दोन आठवडे असं कारखान्यात बनलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं, आणि समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, फॅट, फायबर, मीठ सारखंच राहील हे बघितलं. हवं तेवढं खा म्हटलं. कारखान्यातल्या खाण्यावर माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती, वेगाने खात होती आणि दोन आठवड्यांत सुमारे ०.९ किलो वजन वाढलं, साध्या खाण्यावर जवळजवळ तेवढंच उतरलं. प्रयोग छोटा आहे, पण मला त्यातून एक दिलासा मिळतो तो तुलाही मिळावा. बिस्किटांचा पुडा मध्येच थांबवता आला नाही याचा अर्थ तू लोभी आहेस असा नाही गं. असं खाणं मऊ असतं, पटकन गिळलं जातं आणि पोटाचा निरोप वर पोचायच्या आत पुडा संपलेला असतो. भुकेल्या माणसासमोर तो ठेवला तर कोणीही संपवेल.

काही काळजीच्या गोष्टी पटापट सांगते. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक असं नसतं, राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर चांगलीच उलटी-जुलाब होतात, तो नीट भिजवून, ते पाणी टाकून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळून मग मऊ शिजवायचा. नैसर्गिक म्हणून कुठलंतरी रंगीत मीठ आणलं असशील तर बघ त्यात आयोडीन घातलेलं आहे का, बऱ्याचदा नसतं आणि आपल्याला ते लागतं. कडधान्य, भाज्या हळूहळू वाढव आणि पाणी जास्त पी, एकदम वाढवलंस तर पोट फुगेल आणि मग तू म्हणशील नॅचरल मला सोसत नाही. रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचार, डायबेटिस किंवा किडनीचं काही असेल तरीही विचार. आणि हे मी खूप प्रेमाने सांगतेय, जर असं ताबा सुटून खाणं वारंवार होत असेल, लपून होत असेल, किंवा खाल्ल्यावर ते काढून टाकायचे प्रयत्न होत असतील तर डबा पुरणार नाही, डॉक्टर किंवा समुपदेशक गाठ, उशीर करू नकोस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तो उपचार होणारा त्रास आहे.

त्या कपाटातल्या वस्तू फेकून देऊ नकोस, संपव किंवा कोणाला हवं असेल तर देऊन टाक, फक्त पुन्हा आणू नकोस. दाराआड त्या रोज दिसत राहिल्या तर रोज तुला वाटत राहणार की बघ, एवढं आणलं आणि काही झालं नाही.

नवऱ्याचं. दरवेळचं आहे हे तो म्हणाला ते लागलं असणार, पण त्यात एक निरीक्षण आहे जे खरं आहे, दरवेळी तू खूप मोठं ठरवतेस आणि दरवेळी तो बाजूला उभा राहून बघतो. यावेळी त्याला जाहीर काही सांगू नकोस, एक काम दे. रात्री धान्य-कडधान्य भिजत घालायचं किंवा फळं धुवून तुझ्या पिशवीत ठेवायची, जे त्याला जमेल ते. माणूस एकदा हात लावायला लागला की शेरे मारणं बहुतेकदा कमी होतं, आणि झालं नाही तर त्याला स्पष्ट सांग की हे वाक्य मला दुखावतं, मदत हवीये. घरात बाकीच्यांवर तुझे नियम लादू नकोस मात्र, त्यांची बिस्किटं त्यांच्या डब्यात राहू देत, फक्त तो डबा ओट्यावर नको, वरच्या फळीवर.

मुलीच्या प्रश्नाने मला गलबलून आलं. आठ वर्षांच्या पोरीने आईच्या डोक्यात चाललेलं बरोबर वाचलंय, की आई कमी खाते तेव्हा आई हरवते. तिच्यासमोर चांगलं खाणं, वाईट खाणं, मी आज वाईट वागले, हे शब्द आजपासून बंद कर, ती ऐकतेय आणि दहा वर्षांनी हेच शब्द ती स्वतःला लावेल. तिच्यासमोर पोटभर जेव. निघण्यापूर्वीचं फळ रविवारी तिला निवडू दे, दाण्यांची बरणी तिला भरू दे, पण तिच्या ताटाकडे बघून हिशोब करू नकोस.

११ कलमांचा तो कागद फ्रिजवरून आज काढ. फाडू नकोस, त्यातल्या इच्छा खऱ्या आहेत, ड्रॉवरमध्ये ठेव. दोन महिन्यांनी दुपार सांभाळायला विचार करावा लागेनासा झाला की कागद काढून त्यातली एकच पुढची निवड, मला विचारशील तर झोपेची निवड, पहाटे पाचपेक्षा रात्री वेळेवर झोपणं आधी. आणि मुलीला आज रात्री सांग, नाही गं, आई परत डाएट करणार नाहीये, आई आता दुपारी नीट जेवणार आहे. मग उद्याचा डबा दोघी मिळून भरा.